जेवणानंतरचं रक्त

उदगीरात नळेगाव रोडला, पत्र्याच्या शेडखाली
आमच्या लॅबचा बाक आहे. चार माणसांचा. बसतात सात.
सकाळी आठला मी त्यांचं उपाशीपोटीचं रक्त घेतो
आणि सांगतो : आता जेवा. रोज जेवता तेच.
पहिला घास घेतला ती वेळ मला सांगा,
तिथून बरोबर दोन तासांनी दुसरी सुई.

एवढंच मी सांगतो.
बाकीचं ते एकमेकांना सांगतात.

शिवलिंगप्पा डबा उघडायच्या आधी डब्यावर बोलतात.
"घरात गहू आला आन् मागून शुगर आली.
आमच्या आज्याला पोळी दिसायची लग्नात,
ती बी पंगतीत मागं बसला तर नाही."
डब्यात ज्वारीची कडक भाकरी,
करडईच्या तेलात भिजवलेली शेंगदाण्याची चटणी.
भाकरी मोडते तेव्हा
आत काउंटरवरची पोरगी मान वर करून बघते.

"अप्पा, ज्वारी म्हंजे काय दवा हाय?
चार भाकरी खाऊ लाले तुम्ही, मी मोजल्या,"
रज्जाकमामू म्हणतात. त्यांचा भरवसा हाडांवर.
पाये रात्रभर शिजवायचे, सकाळी नुसतं पाणी प्यायचं,
पासष्टाव्या वर्षी सायकलींची पंक्चरं उकिडवं बसून काढतात.
अप्पा डबा चार बोटं पलीकडं सरकवतात,
जरा वेळ रस्त्याकडं बघतात
आणि हळूच विचारतात,
"गुडघ्याला खरंच फरक पडतो का हो?"

सुमेध जिमचा. बावीस वर्षांचा, नोकरीच्या मेडिकलसाठी आलेला.
सहा उकडलेली अंडी, पांढरं तेवढं खातो,
पिवळं कागदावर ठेवत जातो, बिया काढाव्यात तसं.
"कामून टाकूलालास रे लेकरा?" प्रयागबाई कळवळतात,
"पिल्लू त्यातूनच व्हतंय की."
सुमेध त्यांना कोलेस्टेरॉल समजावतो.
त्या सगळं ऐकून घेतात
आणि पिवळे गोळे कुत्रीला घालून येतात.

लामतुरे साहेबांनी डबाच आणलेला नाही.
ते दिवसातून दोनदाच तोंड उघडतात, एक वाजता आणि नऊ वाजता.
"मग तुमचं दुसरं रक्त तीनला."
"घ्या ना."
"लॅब दोनला बंद होते, साहेब."
तेव्हापासून ते गप्प आहेत
आणि प्रयागबाईंच्या धपाट्यांकडं बघतायत.

फॉर्मवर एक रकाना आहे : आहार.
मी विचारलं, "प्रयागबाई, तुम्ही रोज काय खाता?"
"उरंल ते."
"म्हणजे भाकरी, भात, भाजी?"
"ज्याचं जे उरंल ते. ऊन ऊन खाल्ल्यालं
मला तर आठवत नाही बाबा."
अप्पांचा घास हातातच राहिला.
मी लिहिलं : मिश्र.

साडेदहाला यंत्र फिरवलं.
राखाडी टोपणाच्या नळ्या, भाकरीची, पायांची, अंड्यांची,
एका चकतीत गरगरल्या, थांबल्या.
सगळ्यांत वर पिवळसर, खाली लाल.
आकडे येतील ते कागदावर येतील,
मी कुणाला तोंडी सांगत नाही. अप्पा विचारतातच.

प्रयागबाईंचा दंड बांधताना माझा हात जरा हलला.
"तू खाल्लास का?"
"हो हो, सकाळीच."
त्यांनी माझ्याकडं बघितलं, सुईकडं बघितलं.
"आधी खाऊन ये. मग टोच."

पडद्यामागं उभ्यानंच खाल्ला अर्धा धपाटा.
गार होता, त्यात तीळ होते.
सवयीनं घड्याळ बघितलं
आणि तळहातावर लिहिलं दहा चाळीस.

बारा चाळीसला मी
पंचायत समितीच्या शिपायाचं रक्त घेत होतो.
शाई तोवर स्पिरिटनं पुसली गेली होती.